‘धीर धरा’ म्हणणे सोपे असते

बँकेच्या काउंटरमागे बसून मला आता वीसहून अधिक वर्षे झाली. या काळात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ‘थोडे थांबा.’ साहेब जेवायला गेलेत, थोडे थांबा. सिस्टीम बंद आहे, थोडे थांबा. कागद वरच्या ऑफिसला गेलेत, थोडे थांबा. म्हणताना आपले काही जात नाही. हेतूही वाईट नसतो. पण समोर उभ्या असलेल्या पेन्शनरचा अख्खा दिवस जातो, आणि हे त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

हे सांगण्याचे कारण एक जुने पत्र. १३ मे १९५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका कॉफी कंपनीच्या उपाध्यक्षाने कंपनीच्याच लेटरहेडवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना ते लिहिले. पत्राचा मथितार्थ एवढाच की, साहेब, आम्हाला पुन्हा धीर धरायला सांगू नका. लिहिणाऱ्याचे नाव जॅकी रॉबिन्सन.

आपण क्रिकेटवाले. बेसबॉलशी आपला संबंध नाही. तरीही हे नाव काहींच्या कानावरून गेले असेल. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या संघातर्फे रॉबिन्सन मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धांत कृष्णवर्णीयांवर सुमारे साठ वर्षे चाललेली अघोषित बंदी मोडली. त्याच्या पाठीवरचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी कायमचा निवृत्त केला. आता दरवर्षी १५ एप्रिलला तिथले सगळे खेळाडू त्या एका दिवसापुरता ४२ क्रमांकाचाच सदरा घालतात. आपल्याकडे आदल्याच दिवशी आंबेडकर जयंती झालेली असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्या दोन तारखांकडे मला शेवटी पुन्हा यायचे आहे.

रॉबिन्सनची मैदानावरची कथा सिनेमात येऊन गेली. मला महत्त्वाचे वाटते ते त्याने मैदान सोडल्यानंतर, शाळांच्या प्रश्नावर केलेले काम. स्वतःला आत घेतले गेले होते, नाव होते, पैसा होता, मानाची नोकरी होती. अशा माणसाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्षांशी वाकडेपणा का घ्यावा?

त्याचे उत्तर त्याच्या घरातच सापडते. रॉबिन्सनचा जन्म १९१९ मध्ये जॉर्जिया राज्यातला. पुढच्याच वर्षी त्याची आई पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी आली आणि लोकांच्या घरची कामे करून तिने मुले वाढवली. या गावच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात काळ्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता, आणि तो दिवस संपला की तलावातले पाणी बदलत. आपल्या वाचकांना यावर वेगळे भाष्य करून सांगायची गरज नाही. विहिरी आणि पाणवठे आपल्याकडेही होते.

त्याचा थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. रौप्यपदक घेऊन तो गावी परतला आणि त्याला काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. ऑलिंपिकचे जाकीट अंगात घालून तो झाडू मारत असे. ज्याने आपल्या सख्ख्या भावाचे असे पाहिले, त्याला एकट्यादुकट्याच्या यशाने समाजाचे दार उघडत नाही हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

आता शाळांकडे वळू. अमेरिकेच्या १७ राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केले होते. प्रत्यक्षात त्यातले ‘वेगळे’ तेवढे पाळले गेले. ‘समान’ कधी आलेच नाही. १७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की शाळांच्या बाबतीत वेगळे ठेवणे हीच विषमता आहे. ब्राउन खटला म्हणून हा निकाल प्रसिद्ध आहे. मात्र तो कधीपर्यंत अमलात आणायचा याची तारीख न्यायालयाने दिली नाही. १९५५ च्या पुढच्या आदेशात फक्त ‘योग्य त्या गतीने’ अशा अर्थाचे शब्द होते. बँकेत काम करणाऱ्याला अशा परिपत्रकाचे भवितव्य चांगले ठाऊक असते. ज्या परिपत्रकावर तारीख नाही, ते फाइलला लागते.

तसेच झाले. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुले सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाली, तर राज्यपाल फॉबस यांनी त्यांना अडवायला शाळेच्या दारात बंदूकधारी शिपाई उभे केले. ४ सप्टेंबरला सर्व मुलांनी एकत्र जायचे ठरले होते. एलिझाबेथ एकफर्ड या पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी टेलिफोन नव्हता, म्हणून निरोप पोहोचला नाही. ती एकटीच निघाली आणि ओरडणाऱ्या जमावातून वही-पुस्तके छातीशी धरून चालत राहिली. तिचे ते छायाचित्र जगभर छापले गेले.

रॉबिन्सनने त्याच वर्षाच्या सुरुवातीला खेळातून निवृत्ती जाहीर केली होती. चॉक फुल ओ’ नट्स या कॉफीच्या कंपनीत तो कर्मचारीविषयक कामाचा उपाध्यक्ष झाला होता आणि काळ्यांच्या हक्कांसाठी कोर्टकज्जे लढवणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेसाठी गावोगाव फिरून निधी गोळा करत होता. लिटल रॉकचा पेच चालू असताना राष्ट्राध्यक्ष सबुरीचा सल्ला देत होते. रॉबिन्सनने त्यांना लिहिले की, ज्यांनी पूर्वग्रहाचे चटके सोसलेले नाहीत त्यांना धीर धरा म्हणणे सोपे असते. पुढे २४ सप्टेंबरला आयसेनहॉवर यांनी लष्कर पाठवले आणि मुले सैनिकांच्या पहाऱ्यात शाळेत गेली, तेव्हा त्याच रॉबिन्सनने अभिनंदनाचे पत्रही लिहिले. निवेदने देणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. काम झाल्यावर आभाराचे पत्र आपण सहसा विसरतो.

मग १२ मे १९५८ चा दिवस आला. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या मेळाव्यात आयसेनहॉवर बोलले. कायदा सर्व काही करू शकत नाही, माणसांची मने बदलावी लागतात, तोवर संयम ठेवा, असा सूर होता. रॉबिन्सन श्रोत्यांत बसला होता. तिथेच उठून ‘पुन्हा तेच!’ म्हणावेसे वाटले, असे त्याने दुसऱ्या दिवशीच्या पत्रात लिहिले. देशातल्या १ कोटी ७० लाख काळ्यांनी इतरांची मने बदलेपर्यंत का थांबावे, असा त्याचा सवाल होता. दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. तो म्हणतो, तुम्ही आम्हाला थांबायला सांगता, तेव्हा ते फक्त आम्हीच ऐकत नाही. फॉबससारखे लोकही ऐकतात, आणि त्यांना वाटते की आपण दार लावून बसलो तरी चालेल.

आयसेनहॉवर दुष्ट नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. लष्कर त्यांनीच पाठवले. १९५७ च्या नागरी हक्क कायद्यावर सही त्यांचीच. मने आधी बदलावीत आणि मग नियम, हे त्यांचे मत प्रामाणिक असावे. आपल्यातही अनेक सज्जन असेच मानतात. पण रॉबिन्सनचा अनुभव उलटा होता. १९४७ मध्ये तो संघात येणार असे कळताच डॉजर्सच्या काही गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी त्याला भीक घातली नाही. तुमची मने तयार झाली की सांगा, मग त्याला घेऊ, असे ते म्हणाले असते तर रॉबिन्सन म्हातारा झाला असता. त्याला आधी संघात घेतले. एकत्र राहून, एकत्र खेळून त्याच मोसमात त्या संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. ज्यांची मने बदलायची होती त्यांची त्यानंतर, त्याच्याबरोबर खेळता खेळता बदलली.

पत्र लिहून रॉबिन्सन थांबला नाही. २५ ऑक्टोबर १९५८ रोजी वॉशिंग्टनमध्ये शाळांच्या एकत्रीकरणासाठी विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. सुमारे १० हजार मुले आली. कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ हे त्याचे प्रमुख होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर महिन्यापूर्वीच चाकूहल्ला झाला होता. त्यामुळे त्यांच्या पत्नी कोरेटा आल्या, आणि त्यांच्या बरोबरीने गायक हॅरी बेलाफॉन्टे आणि रॉबिन्सन चालले. बेलाफॉन्टे काही मुलांना घेऊन व्हाइट हाउसच्या फाटकाशी गेले, तर त्यांना आत घेतले नाही. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला पुन्हा मोर्चा निघाला, तेव्हा संख्या दुपटीहून अधिक झाली होती. त्याच महिन्यात रॉबिन्सनने ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये स्तंभ लिहायला घेतला. खेळापुरते न लिहिता तो हक्कांवर आणि राजकारणावर लिहू लागला.

दरम्यान दुसऱ्या बाजूने ‘धीर’ कसा वापरला पहा. लिटल रॉकची हायस्कुले १९५८-५९ हे संपूर्ण वर्ष बंद ठेवली गेली. काळी नऊ मुले नकोत म्हणून गोऱ्या मुलांचेही वर्ष बुडवले. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने तर १९५९ पासून सरकारी शाळांना टाळेच लावले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांसाठी काही नाही. पाच वर्षांनी, १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दट्ट्या दिला तेव्हा कुठे टाळे निघाले. १९५९ मध्ये जे पोर पहिलीत जाणार होते, ते तोवर अकरा वर्षांचे झाले. निकालाला दहा वर्षे होत आली तरी दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात जेमतेम एक-दोन होती. हे थांबण्याचे व्याज कुणी भरले, ते सांगायला नको.

उत्तरेकडच्या राज्यांत कायदा वेगळेपणाचा नव्हता, पण घरे वेगळी होती. तिथे मूल राहत्या वस्तीच्या शाळेत जाते. काळ्यांना ठराविक वस्तीबाहेर घर मिळत नसे, बँका कर्ज देत नसत, म्हणून शाळाही आपोआप वेगळ्या. खुद्द रॉबिन्सन दांपत्याला कनेक्टिकटमध्ये घर घेताना दारोदार नकार ऐकावे लागले, तेही तो देशभर गाजलेला खेळाडू असताना. १९६४ मध्ये त्याने काही सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फ्रीडम नॅशनल बँक उभी केली, त्यामागे हाच अनुभव होता. आमच्या लोकांच्या ठेवी सगळ्या बँकांना चालतात, कर्ज मागितले की मात्र चालत नाही, ही तक्रार होती. ती बँक १९९० मध्ये बंद पडली. बँकवाला म्हणून मला त्याचे वाईट वाटते, पण शाळा, घर आणि कर्ज ही एकाच साखळीची कडी आहेत हे त्याला दिसले होते.

रॉबिन्सनला देव करायचे कारण नाही. १९४९ मध्ये सरकारी समितीपुढे त्याने गायक पॉल रोबसनविरुद्ध साक्ष दिली आणि पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल वेगळा विचार मांडला. १९६० मध्ये त्याने निक्सन यांचा प्रचार केला, तोही त्याला मागाहून बोचला. पण १९७२ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी वारला तोपर्यंत एक गोष्ट त्याने सोडली नाही. ‘तुला तर घेतले ना आत, मग आता तक्रार कसली?’ या प्रश्नाला त्याने स्वतःचे उदाहरण कधी वापरू दिले नाही.

आता आपल्याकडे. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ मध्ये तिथे एक मराठी तरुण शिकायला गेला तो आपल्या बडोद्याच्या पैशावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाराज सयाजीरावांनी दिलेली शिष्यवृत्ती आपल्या प्रत्येक समारंभात, प्रत्येक स्मरणिकेत येते. यायलाच हवी. या महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. अंत्यजांसाठी शाळा काढल्या, आणि त्यात शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात तरी चालवल्या.

पण तेच आंबेडकर १९१७ मध्ये परदेशी पदव्या घेऊन याच गावात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. ओळखीच्यांकडे शब्द टाकला, तिथेही नकार. संध्याकाळ बागेत बसून काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हाच्या बडोद्यात कचेऱ्यांत कोण होते, वाडे कुणाचे होते? आपल्याच पणजोबांचे. शिष्यवृत्ती आपण जमेला धरतो आणि खोलीची नोंद वहीतून गाळतो. असा ताळेबंद आमच्या ऑडिटरने पास केला नसता.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणाल. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत विदर्भातून एक तरुण बदलून आला. स्वभावाने चांगला, कामाला चोख, बोलणे शुद्ध मराठी. मीच त्याला स्कूटरवर बसवून आपल्यातल्याच एका जुन्या घरी खोली दाखवायला नेले. काकूंनी चहा केला. “तू आणलायस म्हणजे प्रश्नच नाही,” म्हणाल्या. मग सहज विचारले, “आडनाव काय म्हणालास?” त्याने सांगितले. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मुलाला विचारून कळवते हं. थोडे थांबा.” कळवले नाही. परत येताना मी त्याला म्हणालो, “धीर धर, मिळेल दुसरीकडे.” तो म्हणाला, “सवय आहे, दादा.” पुढे त्याला एका नव्या सोसायटीत गुजराती मालकाची खोली मिळाली.

काकूंना मी एका शब्दाने विचारले नाही. संबंध बिघडतील असे वाटले. रॉबिन्सनचे पत्र वाचताना मला राष्ट्राध्यक्ष चुकीचे दिसले, आणि मग आठवले की त्या दिवशी स्कूटरवर मीही तेच बोललो होतो.

आपण येथे भाषिक अल्पसंख्य आहोत. आपल्या मराठी वर्गांसाठी, पाठ्यपुस्तकांसाठी, शिक्षकांसाठी आपण निवेदने देतो आणि ‘विचार करू, थांबा’ हे उत्तर ऐकतो. त्या वेळी कुणी भाषणात आपली तुलना अमेरिकेतल्या काळ्यांशी करतो. ती करू नये. आपली शाळा आपण आपल्या भाषेसाठी मागतो. त्यांच्यावर वेगळी शाळा लादली होती. पण आपल्याला थांबवले की लागते ना? मग आपल्या दारात कोण थांबले आहे, हेही पाहिले पाहिजे.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी एक साधा ठराव मांडणार आहे. आपल्या या पत्रिकेत ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा जाहिराती येतात, त्यात ‘मराठी कुटुंबास प्राधान्य’ असे छापलेले असते. यापुढे अशी जाहिरात देणाऱ्याने एका ओळीचे लेखी आश्वासन द्यावे की मराठी म्हणजे सर्व मराठी, आणि आडनाव विचारून नकार देणार नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याची जाहिरात आपण घेऊ नये. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे कुणी म्हणू नये, एवढी विनंती.